पॉलिशचा डबा उघडण्याआधी

जुनं लाकडी सामान घेतलेल्या वाचकांचा प्रश्न बहुधा एकच असतो: "पलंग घेतलाय, आता पॉलिश कोणतं मारू?" वाटूर फाट्याच्या आसपास, परतूर-मंठ्यापासून पार जालन्यापर्यंत, असं सामान अनेक घरांतून बाहेर पडत असतं. घरकुल मंजूर झालं, स्लॅबचं घर उभं राहिलं की जुनं माळवद उतरवलं जातं. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मातीच्या जड माळवदाची जी धास्ती मराठवाड्यात बसली, ती अजून पुरती गेलेली नाही. माळवदाबरोबर सागाचे खांब, तुळया, चौकटी, फडताळांची दारं, नवारीचे पलंग, पेटारे असं पुष्कळ काही विकायला निघतं. त्यातलं कितीतरी लाकूड आज दुकानात मिळणाऱ्या नव्या लाकडाहून पक्कं असतं.

तरीही वरच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की, पॉलिश हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. लाकूड कोणतं, त्यात कीड आहे का, सांधे घट्ट आहेत का आणि वरचा जुना थर कशाचा आहे, एवढं ठरलं की कोणतं पॉलिश ते जवळजवळ आपोआप ठरतं. पैसे वाया जातात ते हा क्रम उलटा केल्यामुळे. हलणाऱ्या टेबलावर चकचकीत पॉलिश चढतं आणि दोन महिन्यांत सांध्यापाशी तडकतं. नाहीतर नुसत्या धुण्या-पुसण्यानं उजळलं असतं असं कपाट पार कोऱ्या लाकडापर्यंत घासलं जातं.

घेण्याआधी उलटं करून पाहा

विकणारा तुम्हाला वरची बाजू दाखवतो. तुम्ही खालची पाहा. टेबल उलटं करा, खण पूर्ण बाहेर काढा, कपाटाची पाठ भिंतीपासून सरकवायला लावा. लाकडाची खरी ओळख जिथे पॉलिश पोचलेलं नसतं तिथेच पटते.

सागवान सोनेरी-तपकिरी दिसतं, हाताला किंचित तेलकट लागतं आणि न दिसणाऱ्या जागी पॉलिश पेपर चार वेळा फिरवला की चामड्यासारखा वास येतो. कापलेल्या टोकावर वर्षागणिक वाढीच्या कडा स्पष्ट दिसतात. बाभूळ जास्त जड, लालसर आणि कठीण असते. आंब्याचं लाकूड फिकट असतं आणि त्याला कीड लवकर लागते. मात्र सागाच्या खोडातही बाहेरचा पांढरट भाग कच्चाच असतो. "सागवान आहे, कीड लागत नाही" हे वाक्य आतल्या पक्क्या, तपकिरी भागापुरतंच खरं आहे. फळीच्या कडेला पांढरा पट्टा दिसला तर आधी तिथेच भोकं शोधा.

कडेला थरांवर थर दिसले तर ते प्लायवूड. वर सागाचं चित्र असेल तर ते विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. हल्लीच्या विनिअरची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. त्यावर 80 नंबरचा पेपर जोरात चालवला तर दहा मिनिटांत खालचं प्लाय उघडं पडतं आणि मग त्याला उपाय नाही. सनमायका असेल तर पॉलिशचा विषयच मिटतो. तो नीट चिकटलेला असेल तर धुऊन वापरा, नाहीतर बदला.

या वस्तू स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका:

- भुश्याच्या दाबीव फळीचं फर्निचर, ज्याचे पाय पाण्यानं फुगले आहेत. ती फळी पुन्हा बसत नाही.
- जळकं ऑईल पाजलेलं लाकूड. वाळवी लागू नये म्हणून चौकटींना, खांबांना इंजिनचं जळकं ऑईल लावायची आपल्याकडे सवय आहे. ते खोल मुरतं, त्यावर पॉलिश धरत नाही, आणि घरात वापरायच्या वस्तूवर ते असूही नये. शेडला, गोठ्याला असं लाकूड चालेल.
- आडवी चिरलेली पायाची किंवा कठड्याची लाकडं. रेषेच्या दिशेनं गेलेली उभी चीर भरता येते. आडवं मोडलेलं लाकूड बदलावंच लागतं.
- ज्यावर शाळेचा, कार्यालयाचा क्रमांक रंगवलेला आहे पण विकणाऱ्याकडे कागद नाही, असं बाक किंवा टेबल.

शेवटच्या मुद्द्याकडे थोडं लक्ष द्या. जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायती, सरकारी कार्यालयं जुनं सामान निर्लेखन करून लिलावात काढतात. लिलाव घोषित असेल तर त्यात जरूर बोली लावा. साध्या पण भक्कम खुर्च्या आणि टेबलं तिथे मिळू शकतात. पावती मात्र जपून ठेवा. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं समजायला कारण असूनही, अप्रामाणिकपणे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. आणि माहीत नसताना घेतला तरी तो माल तुमचा होत नाही, मूळ मालकाला परत जातो.

माळवदाचं लाकूड घेत असाल तर

तयार फर्निचरऐवजी तुळया-फळ्या घेऊन त्यातून टेबल, दिवाण करून घ्यायचा बेत बऱ्याच जणांचा असतो. बेत चांगला आहे. लाकूड कित्येक वर्षं वाळलेलं असतं, ते आता नव्यानं पिळवटणार नाही. पण त्याच्या पोटात खिळे असतात. पिढ्यान् पिढ्या कुणी कंदील टांगायला, कुणी पाळण्याच्या दोरीला, कुणी तोरणाला ठोकलेले, डोकी गंजून तुटलेले. वरून फक्त एक काळा ठिपका दिसतो. रंध्याचं पातं किंवा करवत त्यावर गेली की सुताराचं हत्यार बाद होतं. सामान सुताराकडे नेण्याआधी एक जाड लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून हळूहळू फिरवा. जिथे तो ओढला जाईल तिथे खडूनं खूण करा.

स्वयंपाकघरावरच्या तुळयांवर चुलीच्या काजळीचा चिकट थर असतो. तो पेपरनं घासायला गेलात तर पेपर मिनिटाभरात भरतो आणि काळं लाकडातच चोळलं जातं. आधी कोमट पाण्यात कपडे धुण्याची थोडी पावडर घालून, पिळलेल्या फडक्यानं, रेषेच्या दिशेनं पुसा. दोन-तीन हात लागतात. धुण्याच्या सोड्याचं कडक पाणी सागावर वापरू नका, लाकूड काळवंडतं.

आणखी एक. सागवानाच्या वाहतुकीला वन विभागाचा परवाना लागतो. एका गावातून दुसऱ्या गावी टेम्पोभर सागाचे खांब न्यायचे असतील तर गाडी भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. घर कुणाचं, कोणत्या गावातलं, हे सांगणारा ग्रामपंचायतीचा दाखला आणि विकणाऱ्याची सही असलेली पावती जवळ ठेवा.

पैसे देताना: कागद आणि हक्क

दुकानदाराकडून घेतलेली जुनी वस्तू हीसुद्धा ग्राहक कायद्यात येते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे या गोष्टी अनुचित व्यापारी प्रथा ठरतात:

- जुनी किंवा डागडुजी केलेली वस्तू नवी म्हणून विकणं.
- लाकडाचा प्रकार, दर्जा खोटा सांगणं.
- बिल न देणं.
- सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं.

म्हणून बिलावर नुसतं "टेबल 1 नग" असं लिहून घेऊ नका. "जुनं टेबल, सागवान, फळी भरीव, खण दोन" असं लिहायला सांगा. हे चार शब्द पुढे तुमच्या उपयोगी पडतात. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे मिटलं नाही तर जालन्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाता येतं. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दुकान संभाजीनगरचं असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.

शेजाऱ्याकडून, पाहुण्यांकडून किंवा एखाद्या घरमालकाकडून घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही, कारण ते व्यापारी नाहीत. तिथे 1930 चा मालविक्री कायदा असतो: ज्या वर्णनानं वस्तू विकली त्या वर्णनाची ती असली पाहिजे. पण त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागतं, आणि दोन-तीन हजारांच्या पलंगासाठी तेवढा व्याप कुणी करत नाही. अशा खरेदीत तुमचे डोळे हाच तुमचा आधार. घाई करू नका, दिवसाउजेडी पाहा.

मोबाइलवरची जाहिरात पाहून घेत असाल तर वस्तू पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवू नका. घरातलं सामान विकणाऱ्यांनीही एवढं लक्षात ठेवा: पैसे मिळवण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवले जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. कायद्याचं साल आणि हा क्रमांक एकच आहे, गोंधळ करू नका.

घरात आणण्याआधी अंगणात ठेवा

जुन्या लाकडाबरोबर तीन पाहुणे येऊ शकतात: वाळवी, भुंगेऱ्याची कीड आणि ढेकूण. तिघांच्या खुणा वेगळ्या असतात.

- वाळवी: मातीच्या बारीक नळ्या, ठोकल्यावर पोकळ आवाज, टोचणी सहज आत जाते.
- भुंगेरा: एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली मैद्यासारखा भुसा. भोकं जुनी की चालू, हे कळायला वस्तूखाली काळा कागद रात्रभर ठेवा. सकाळी त्यावर ताजा भुसा पडलेला दिसला तर कीड जिवंत आहे.
- ढेकूण: पलंगाच्या सांध्यांत, नवार जिथे गुंडाळतात तिथे आणि स्क्रूच्या भोकांत काळे ठिपके.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कपाशीवर, सोयाबीनवर मारून उरलेलं औषध पलंगाला, कपाटाला लावू नका. शेतातलं कीटकनाशक उघड्या रानासाठी असतं. बंद खोलीत, जिथे लेकरं झोपतात तिथे ते महिनोन् महिने श्वासात जातं. "थोडंसंच लावलं" याला काही अर्थ नाही. रॉकेल आणि डिझेलनंही कीड मरत नाही, नुसता वास राहतो आणि आगीचा धोका वाढतो.

आपल्याकडचं ऊन हा त्यापेक्षा चांगला आणि फुकटचा उपाय आहे. पॅकिंगच्या लाकडातली कीड मारण्याचा आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की, लाकडाच्या गाभ्याचं तापमान 56 अंशांवर सलग 30 मिनिटं राहिलं पाहिजे. ढेकणांची अंडीसुद्धा साधारण 48 अंशांना दीड तासात मरतात. एप्रिल-मेमध्ये जालना जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, उन्हात दुपारभर ठेवलेली पातळ फळी यापेक्षाही तापू शकते. सुट्या फळ्या, खण, पलंगाची माच अशानं साफ होते. दर तासाला बाजू बदला, म्हणजे लाकूड एकाच बाजूनं वाकणार नाही. जाड पाय आणि तुळई मात्र गाभ्यापर्यंत तापत नाहीत, तिथे या उपायावर विसंबू नका. विनिअर आणि चिकटवलेले सांधे असलेली वस्तू उन्हात गुंडाळू नका, डिंक सुटतो.

जाड लाकडातल्या भुंगेऱ्यासाठी बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी कोऱ्या लाकडाला दोन-तीनदा पाजता येतं. ते जुन्या पॉलिशमधून आत शिरत नाही. लाकूड पूर्ण वाळल्यावरच पुढचं काम घ्या. वाळवी लागलेला भाग सरळ कापून टाका.

कोकणातून, मुंबईहून आलेल्या सामानाला आणखी एक अडचण असते. दमट हवेतलं लाकूड आपल्या कोरड्या हवेत आकसतं, फळ्यांमध्ये फट पडते. असं सामान सावलीत दोन-तीन आठवडे राहू द्या आणि मग फटी भरा. आल्या आल्या भरलेली लांबी नंतर सुटून पडते.

सांधे: खर्च इथे करा

टेबल सपाट फरशीवर ठेवा आणि दोन कोपरे धरून हलवा. हलत असेल तर पाय आखूड नाही, बहुधा सांधा सुटलेला आहे. पाय कापायची घाई करू नका. एकदा कापला की दुसरा, मग तिसरा कापत टेबल बुटकं होतं.

सुटलेल्या सांध्यात खिळा ठोकणं हा सगळ्यात महागडा स्वस्त उपाय आहे. खिळा लाकूड चिरतो आणि पुढच्या सुताराला तो सांधा उघडताच येत नाही. सांधा हलक्या हातानं उघडा, शक्यतो लाकडी हातोडीनं, मध्ये फडकं ठेवून. आतला जुना डिंक पटाशीनं खरवडून काढा. जुन्या वस्तूंत सरस वापरलेला असतो, तो गरम पाण्याच्या फडक्यानं मऊ पडतो. हे करायचं कारण असं की, फेविकॉल लाकडात मुरून धरतो. जुन्या डिंकाच्या थरावर तो वरवर बसतो आणि पुन्हा सुटतो.

आता शिकंजा हवा. तो विकत घ्यायची गरज नाही. सायकलच्या फाटक्या ट्यूबचे दोन बोटं रुंद लांब पट्टे कापा. फेविकॉल लावून सांधा बसवला की पट्टा ताणून चार-पाच वेढे द्या आणि टोक शेवटच्या वेढ्याखाली खोचा. रबर सगळीकडून सारखं दाबतं आणि लाकडावर वळही उठत नाही. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्यानं लगेच पुसा. तो तसाच वाळला तर तिथे पॉलिश चढत नाही आणि पांढुरका डाग कायम राहतो. चोवीस तास हात लावू नका.

अडकणाऱ्या खणाच्या कडेला मेणबत्ती घासा. पावसाळ्यात अडकणारा खण पावसाळ्यात रंधून घेऊ नका. थंडीत तोच खण ढिला होतो.

जुना थर: काढायचाच का?

दहा वेळा तरी हे स्वतःला विचारा. आधी साबणाच्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्यानं वस्तू पुसा, वाळवा, मग टर्पेंटाइनच्या फडक्यानं जुनं तेल-मेण काढा. वर्षानुवर्षांचा हाताचा मळ निघाल्यावर खालचं पॉलिश शाबूत दिसणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. तसं असेल तर 320 नंबरचा पेपर हलकासा फिरवून त्यावरच एक-दोन हात दिले की काम झालं. यात पैसा वाचतो, मेहनत वाचते आणि जुन्या लाकडाला आलेला गडद रंगही टिकतो. कोरीव काम असलेल्या जुन्या दारांना, देव्हाऱ्यांना तर मी पेपर लावू नका असंच सांगेन.

थर कशाचा आहे हे पाहायला न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्यानं स्पिरीट लावा. चिकट झालं तर ते फ्रेंच पॉलिश, म्हणजे लाख. स्पिरीटनं काही झालं नाही पण लॅकरच्या थिनरनं विरघळलं, तर लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही, तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा ऑईल पेंट. हे कळणं महत्त्वाचं, कारण फ्रेंच पॉलिशचा जुना थर स्पिरीटच्या फडक्यानंच निघतो, त्यासाठी रिमूव्हर आणायला नको.

निळ्या-हिरव्या ऑईल पेंटची जुनी दारं, पाळणे, फडताळं यांबाबत सावध राहा. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपुरतं मर्यादित करणारा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं असंच धरून चाला. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. म्हणून:

- काम घराबाहेर करा, लहान मुलं आणि गरोदर बाई जवळ नको.
- वॉटर पेपर आणि पाणी वापरून ओलं घासा. खाली प्लास्टिक अंथरा आणि गाळ त्यात गुंडाळून टाका. विहिरीजवळ, गुरांच्या पाण्याजवळ धुऊ नका.
- गॅसच्या ज्योतीनं रंग जाळू नका.
- पाळण्याचा रंग उतरवण्यापेक्षा पाळणा घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाजारातल्या अनेक रिमूव्हरांत मिथिलीन क्लोराईड असतं. त्याच्या वाफेनं बंद खोलीत काम करणारी माणसं दगावली आहेत, आणि अमेरिकेत घरगुती वापरासाठी त्याची विक्री 2019 मध्ये बंद झाली. रिमूव्हर वापरायचाच असेल तर झाडाखाली, वाऱ्यात, रबरी हातमोजे घालून. न्हाणीघरात अजिबात नको.

पेपर घासताना आधी 120, मग 180, मग 220. फारच खडबडीत असेल तेव्हाच 80 पासून सुरुवात करा. हात नेहमी रेषेच्या दिशेनं चालवा. आडवे ओरखडे कोरडे असताना दिसत नाहीत, पॉलिश चढलं की लख्ख उमटतात. खिळ्याभोवतीचे काळे डाग हे लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचे असतात. ते घासून जात नाहीत, ऑक्झॅलिक अॅसिडच्या पाण्यानं फिके होतात. हे विष आहे. हातमोजे घाला, नंतर दोनदा स्वच्छ पाण्यानं पुसा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा.

भोकं भरायला त्याच लाकडाचा बारीक भुसा फ्रेंच पॉलिशमध्ये कालवून वापरा. फेविकॉलमधला भुसा कडक होतो पण रंग घेत नाही, पॉलिशनंतर तिथे फिका ठिपका राहतो. सागाच्या उघड्या रेषा बुजवायला जुने कारागीर खडूच्या पुडीत गेरू आणि पिवडी मिसळून ती पॉलिशमध्ये कालवतात. आजही त्याच्याइतकं स्वस्त काही नाही.

आता पॉलिश

फ्रेंच पॉलिश. कपाट, पलंगाचं डोकं, पेटारा, आरशाची चौकट यांना पहिली पसंती. चपडी लाख, म्हणजे झारखंड-छत्तीसगडकडून येणारी लाखेच्या किड्याची राळ, स्पिरीटमध्ये विरघळवून हे बनतं. साधारण 150 ग्रॅम चपडी एक लिटर स्पिरीटमध्ये, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बाटलीत, रात्रभर. लोखंडी डब्यात नको, काळं पडतं. स्पिरीटच्या विक्रीवर दारूबंदी कायद्याचे निर्बंध आहेत आणि ते प्यायल्यास जीव जातो. म्हणून घरी बनवण्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातलं तयार पॉलिश घेणं सोयीचं. मऊ सुती फडक्यात कापूस गुंडाळून बोळा करा, पातळ हात द्या आणि गेलेल्या जागेवर लगेच पुन्हा फिरवू नका. जाड दोन हातांपेक्षा पातळ पाच हात चांगले. चूक झाली तर स्पिरीटनं पुसून परत करता येतं, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यानं यावरच हात बसवावा. गरम कपाचा गोल डाग मात्र यावर पडतो, आणि पावसाळी हवेत लावलं तर पांढुरकी झाक येते.

पीयू किंवा वॉर्निश. चहाची टिपॉय, जेवणाचं टेबल, मुलांच्या अभ्यासाचं टेबल यांना हेच. पाणी आणि उष्णता सोसतं. दोन-तीन हात, मध्ये 320 नंबरचा पेपर, आणि डब्यावर लिहिलेलाच थिनर. चूक झाली तर पुसून जात नाही, घासून काढावी लागते.

जवसाचं तेल. जुन्या खांबांना, झोपाळ्याच्या फळीला छान, चमक नको असणाऱ्यांसाठी. घाण्याचं कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं. दुकानातलं डबल बॉईल्ड तेल लवकर वाळतं, पण त्यात धातूंचे क्षार असतात, म्हणून पोळपाट, परात, खाण्याच्या वस्तूंना नको. शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं तेल वाळतच नाही, चिकट राहून धूळ धरतं. आणि हे नीट वाचा: जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर नक्कीच धोका. फडकी पाण्यात बुडवा किंवा एकेक पसरून उघड्यावर वाळवा.

ऑईल पेंट. लाकूड मिश्र असेल, डाग जात नसतील, प्लाय उघडं पडलं असेल तर प्रायमर मारून सरळ रंग द्या. यात कमीपणा काही नाही.

एका मध्यम टेबलाचं काम हातानं केलं तर पेपर, फेविकॉल आणि अर्धा ते एक लिटर फ्रेंच पॉलिश मिळून साहित्य साधारण हजार रुपयांच्या आत बसतं. पीयू घेतलं तर खर्च वाढतो. दिवाळीनंतर ते फाल्गुनापर्यंतची कोरडी, बेताची हवा या कामाला सगळ्यात चांगली. भर उन्हात फडकं फिरण्याआधीच पॉलिश वाळतं आणि पट्टे उठतात, तेव्हा उन्हाळ्यात सकाळी सावलीत काम करा.

सुताराला काम देत असाल तर

सांधे सुताराकडून आणि घासणं-पॉलिश घरी, ही वाटणी कमी पैशांत सगळ्यात फायद्याची पडते. मजुरीचा मोठा भाग घासण्यात जातो, आणि ते काम घरातलं कुणीही शिकू शकतं.

बोलणी करताना दर रोजंदारीचा की नगावर, साहित्य कुणाचं, पॉलिशचे हात किती, हे आधीच ठरवा आणि वहीच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. उचल द्यावी लागतेच, पण ती साहित्यापुरती ठेवा. पॉलिशचा रंग आधी खणाच्या आतल्या बाजूला लावून दाखवायला सांगा, तो उन्हात आणि बल्बखाली दोन्हीकडे पाहा, मगच हो म्हणा. काम झाल्यावर उरलेलं पॉलिश बाटलीत मागून घ्या आणि त्यावर नाव नि तारीख लिहा. फ्रेंच पॉलिश असेल तर सहा महिने ते वर्षाच्या आत वापरा, जुनं झालेलं वाळत नाही. तोवर एखादा ओरखडा पडला तर त्याच रंगाचा एक हात तिथल्या तिथे देता येतो.